भोकराची बी काढण्याची सोपी रीत

सोपं काम अवघड करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण बोराएवढ्या फळातून बी बाहेर काढण्यासाठी तीन उन्हाळे, नऊ यंत्रं आणि निम्म्या गावाशी असलेले बरे संबंध खर्ची घालणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अर्जुनी मोरगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी तिथे त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. तलावांच्या खात्यातून ते ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना साहेब म्हणे, मी काका म्हणे. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे. जे शेजाऱ्यांकडून ऐकलं ते ऐकलं म्हणूनच सांगतो, कारण काकांच्या बाबतीत शेजारी नेहमीच निःपक्षपाती होते असं म्हणता येणार नाही.

काकांची सारी नोकरी धानाच्या शेतांना पाणी देणाऱ्या तलावांचे बांध मोजण्यात गेली होती, आणि नोकरी संपली तरी मोजणं संपलं नव्हतं. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, डोक्यावर साहेबी टोप आणि खिशात ओळंबा अशा थाटात ते गावातून फिरत. ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का ते बघतात तो, दोरीला बांधलेला पितळी लोलक. कोणाच्या घरी बसायला गेले की चहा येईपर्यंत ते दाराची चौकट तपासत, आणि चहा पिऊन झाल्यावर निकाल सांगत. एका लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांनी मांडवाच्या मधल्या खांबाला ओळंबा लावला आणि खांब दोन बोटं पूर्वेकडे कललेला असल्याचं जाहीर केलं. भटजी थांबले. चार माणसांनी खांब सरळ केला. मुलीचा बाप चिडून म्हणाला, "साहेब, मुहूर्त टळला असता तर?" काका शांतपणे म्हणाले, "अन् मांडव पडला असता तर?" वऱ्हाडी मंडळींना हा मुद्दा पटला. त्या लग्नातलं जेवण उशिरा झालं, पण सरळ मांडवाखाली झालं, असं काका नंतर अनेक वर्षं सांगत.

त्यांची छत्री गावात प्रसिद्ध होती. पावसाशी तिचा फारसा संबंध नव्हता. छत्रीच्या काड्या हा काकांच्या मते जगातला सर्वांत उपयोगी कच्चा माल होता, आणि एखादं कुलूप अडलं, नळी तुंबली, कौल सरकलं की छत्रीची एक काडी कमी होई. आषाढात आठ काड्यांनिशी निघालेली छत्री होळीपर्यंत तीन काड्यांवर येई, आणि तरी ते ती उघडून बाजाराला जात. एका बाजूने कापड खांद्यावर पडलेलं असे. बाजारातली मंडळी दुरूनच म्हणत, "ते पाहा, साहेब येऊन राहिले, आज एका पंखानं."

घरात प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला होता. पाटा क्रमांक एक, उखळ क्रमांक दोन, माठ क्रमांक पाच. काकूंनी हे सगळं चालवून घेतलं होतं. फक्त लोणच्याच्या सहा बरण्यांना त्यांनी ब्रश लावू दिला नव्हता. "त्या माह्या हायेत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि साहेबांनी ब्रश खाली ठेवला होता.

या बरण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यासाठीच घडली. काकूंचं भोकराचं लोणचं अर्जुनीपासून देवरीपर्यंत नात्यागोत्यात नावाजलेलं होतं. भोकर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हे हिरवं, गुळगुळीत, लहानसं रानफळ उन्हाळ्यात येतं. वर देठाची टोपी, आत एक टणक बी, आणि बीभोवती असा चिकट बलक की मुलं त्याने पतंग चिकटवतात. लोणचं घालायचं तर बी काढावीच लागते. रीत अशी की डाव्या हाताच्या बोटांत फळ धरायचं, उजव्या हाताने वर बत्ता हलकेच मारायचा, आणि तडकलेल्या फळातून बोटाला मीठ लावून बी उकरायची. मीठ नसलं की बी बोटाला, बोट फळाला आणि फळ पदराला चिकटतं. मग पोकळीत कैरीचा कीस आणि मोहरीचा मसाला भरायचा, वरून जवसाचं तेल सोडायचं.

माझ्या तिथे जाण्याआधीच्या वर्षी काकूंना लकवा झाला. पाय पुढे सुधारला, वाचा परत आली, उजवा हात मात्र गेला. तो खांद्यापासून लोंबत असे आणि त्या तो पदराखाली ठेवत. शेजारणींनी सांगितलं की आम्ही बिया काढून देतो, तुम्ही मसाला घाला. काकूंनी नाही म्हटलं. त्यांच्या माहेरी रीत होती की लोणच्याला एकच हात लागायचा. बी काढण्यापासून बरणीचं तोंड बांधेपर्यंत जिचा हात, तिचं लोणचं. दुसरा हात लागला की ते नासतं. आणि स्वतःचा डावा हात? तो शाबूत होता. पण डाव्या हाताने खायच्या वस्तूला, त्यातही वर्षभर टिकवायच्या वस्तूला हात लावायचा, हा विचार त्यांच्या मनात येऊ शकत नव्हता. डावा हात ज्या कामाचा त्या कामाचा. म्हणून बरण्या रिकाम्या झाल्या, धुऊन झाल्या आणि फळीवर उपड्या बसल्या. लोणचं बंद झाल्यापासून काकू स्वयंपाकघरातल्या पाहुण्या झाल्यासारख्या वागत. भाजीत मीठ कमी पडलं तर पूर्वी त्या कामाच्या बाईला बोलत. आता बोलेनाशा झाल्या.

काकांनी या प्रसंगाकडे ओव्हरसियरच्या नजरेने पाहिलं. बांध फुटला तर बांध दुरुस्त करायचा. हात चालत नाही तर हाताचं काम यंत्राने करायचं. त्यांनी एक वही केली, तिच्यावर सुरेख अक्षरात "भोकर" असं लिहिलं, आणि आत दोन रकाने आखले. एका रकान्यावर लिहिलं, अपेक्षित परिणाम. दुसऱ्यावर, प्रत्यक्ष परिणाम.

यंत्र क्रमांक एक दाराच्या बिजागरीचं होतं. बिजागरीत भोकर ठेवून दांडा ओढला की बी पुढे येणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात बी पुढे आली, ती थांबली नाही, आणि तहसिलीतला एक कारकून त्या वेळी फाटकातून आत येत होता त्याच्या कपाळावर जाऊन बसली. बसली हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. ती चिकटली. कारकून कोणत्या कामासाठी आला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरं यंत्र छत्रीच्या काड्यांच्या चिमट्याचं होतं. त्यातून फळ बेडकासारखं उडून विहिरीत जाई. तिसऱ्यासाठी त्यांनी शाळेतल्या एका मास्तरांचा सायकलचा पंप मागून आणला. हवेच्या दाबाने बी उडेल अशी कल्पना होती. पंपात भोकराचा बलक शिरला आणि आतच वाळला. मास्तर पुढचा महिनाभर सायकल हातात धरून शाळेत जाताना दिसत. काकांना पाहिलं की ते गल्ली बदलत. वहीत त्या दिवशीची नोंद होती: "अपेक्षित परिणाम, बी बाहेर. प्रत्यक्ष परिणाम, मास्तर बाहेर."

चौथ्या यंत्राची हकीगत मी शिंप्याकडून ऐकली, म्हणून ती त्याच्या शब्दांत देतो. "साहेब आले, म्हणले, दहा मिनिट मशिन द्या. सुईच्या जागी सायकलची तार बसवली. पायडल मारलं. पयलं भोकर बराबर भोसकलं. दुसरं भोकर वर चढलं. तिसरं कुठं गेलं ते अजून शोधून राहिलो. संध्याकाळी म्या नवरदेवाचा सदरा शिवाले घेतला तं सदरा मशिनले चिकटला. नवरदेव जुन्याच सदऱ्यात बोहल्यावर गेला, बाप्पा!" हे सांगताना शिंपी रागावलेला असे, पण गोष्ट संपली की न विचारता पुन्हा पहिल्यापासून सांगे.

हे सारं ऐकून काकांबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये. ते हौशी नव्हते. प्रत्येक यंत्रानंतर ते दोन दिवस चिकट बोटांना राख चोळत बसत, आणि तिसऱ्या दिवशी पाठकोऱ्या सरकारी कागदावर नवा नकाशा काढत. काकू उंबऱ्यावर बसून हे बघत. "साऱ्या गावचे भोकरं संपले जी, आता तरी थांबा," त्या म्हणत. काका म्हणत, "भोकरं पुढच्या साली पुन्हा येतात." दुसऱ्या उन्हाळ्यातलं सातवं यंत्र खरोखर चाललं. लाकडी चौकट, वर लोखंडी कांब, बाजूला दांडा. दांडा दाबला की कांब खाली येई आणि बी खालच्या डब्यात पडे. काकांनी एका बैठकीत शेरभर भोकरं साफ केली आणि काकूंना हाक मारली. काकू आल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"ठेवून द्या," त्या म्हणाल्या.

"चालवून तर पाहा."

"ठेवून द्या म्हटलं न जी."

वहीत काकांनी लिहिलं: "दांडा जड. हलका करणे." दांडा हलका करण्यात आठवं यंत्र गेलं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकूंनी एक गोष्ट जाहीर केली. त्यांच्या बहिणीची मुलगी देवरीला दिलेली होती. मृगाच्या आधी ती भेटायला येणार होती. तिच्याबरोबर सहाही बरण्या द्यायच्या. "रिकाम्या बरण्या पाहून पाहून मले आता कटाळा आला," काकू म्हणाल्या. "तिच्या घरी भरतील तरी." त्या हे रडून बोलल्या नाहीत. धोब्याला द्यायचे कपडे मोजून सांगावे तसं बोलल्या, आणि म्हणूनच काका खुर्चीवरून उठले. ते स्वयंपाकघरात गेले, बरण्यांच्या फळीखाली थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ती येईपर्यंत थांब. या साली होऊन जाईल." काकू म्हणाल्या, "ती येईपर्यंतच."

नववं यंत्र त्या घराने पाहिलेलं सर्वांत मोठं यंत्र होतं. ते कमरेएवढं उंच होतं. त्याला जुन्या घड्याळाची स्प्रिंग, बैलगाडीच्या जुवाचा तुकडा, दोन घंटा आणि छत्रीच्या उरलेल्या सगळ्या काड्या लागल्या होत्या. घंटा कशासाठी, असं मी विचारलं. एक बी पडली की वाजेल, म्हणजे बघावं लागणार नाही, असं उत्तर मिळालं. दांडा इतका हलका होता की फुंकर मारली तरी हलेल. चाचणीसाठी ताजी भोकरं हवी होती. आठवडी बाजारात जंगलाकडच्या गावांतून गोंड बाया मोहाची फुलं, चारोळी, भोकरं घेऊन येत. त्यांतल्या एकीला काकांनी टोपलीसकट घरी बोलावलं. ती पन्नाशीची, काटक, बोलायला कोणाला न भिणारी बाई होती. तिने टोपली उतरवली, पाणी प्यायलं आणि यंत्राभोवती एक फेरी मारली.

"हे का होय, बाबूजी?"

"यंत्र. क्रमांक नऊ."

"कायच्यासाठी?"

"भोकराची बी काढायला."

बाई हसली नाही. तिने वाकून खालचा डबा पाहिला, वरची घंटा वाजवून पाहिली. "अन् चालवते कोन?"

काकांनी उंबऱ्याकडे हात केला. काकू तिथे उभ्या होत्या. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, पदराखालच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

"बाईचा उजवा हात तं लटकून राहिला न जी. मंग दांडा उजवीकडं काऊन लावला?"

काकांनी दांड्याकडे असं पाहिलं की जणू तो त्यांच्या नकळत कोणीतरी बसवून गेलं होतं. मग ते मागच्या खोपटात गेले. मीही गेलो. क्रमांक घातलेली जुनी यंत्रं तिथे ओळीने ठेवलेली होती. त्यांतलं जे जे हाताने चालवायचं, त्या प्रत्येकाचा दांडा उजवीकडे होता. दोन वर्षं मी ती येता-जाता पाहत होतो, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. खिशात ओळंबा घेऊन फिरणाऱ्या, साऱ्या गावाच्या चौकटी तपासणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा काका यंत्राशी नाही, काकूंशी बोलले. "वैद्य म्हणाले होते, हात येईल. आज ना उद्या येईल म्हणून मी..."

"मले पयल्या यंत्रालेच दिसलं होतं," काकू म्हणाल्या.

"मग बोलली काऊन नाहीस?"

"तुमी वाट पाहून राहिले होते न जी. मी तुमची आस कायले मोडू?"

इथे कदाचित आणखी काही बोलणं झालं असतं, पण बाईला घाई होती. "भोकरं घेता का नाई सांगा. तिकडं बजार सरून राहिला."

काकांनी टोपली ठेवून घेतली. बाई उठायच्या आधी काकूंनी तिला विचारलं की तुम्ही लोक भोकराची बी कशी काढता. ती म्हणाली, "आमी तं बी काढून फळ वाळवतो, पावसाळ्यात भाजीले होते." आणि दाखवतेच म्हणून तिने कुंपणाजवळ पडलेल्या बांबूचा वीतभर पोकळ तुकडा विळ्याने तोडला, दुसऱ्या तुकड्याची पेन्सिलीएवढी काडी तासली आणि मीठ मागितलं. बांबूची नळी तिने दोन्ही पावलांमध्ये उभी धरली. एका भोकराची टोपी खुडली, ते फळ नळीच्या तोंडावर बसवलं, काडीचं टोक मिठात बुडवून वरून दाबलं. बी खाली नळीत गेली. फळ वर राहिलं, आत पोकळ, बाहेर अखंड. दुसरं. तिसरं. फळ धरायला तिला हात लागत नव्हता, कारण ते नळीने धरलेलं होतं. एकच हात काम करत होता. आणि तो डावा होता.

हे आधी काकूंच्या लक्षात आलं. "डाव्या हातानं खायाची वस्तू करते का गं तू?"

"लहानपनापासून माहा हाच हात चालते, बाई." तिचं काम थांबलं नाही. "याच हातानं धानाचा रोवना केला, याच हातानं भाकर थापली, याच हातानं पाच लेकरं वाढवली. खाऊन अजून तं कोनी मेला नाई."

"देवाले निवद?"

"निवद कोनत्या हातानं रांधला, आजवर देवानं तं इचारलं नाई मले."

काकू अंगणात उतरल्या, पाटावर बसल्या, आणि म्हणाल्या, "दे इकडं."

पहिलं भोकर उडालं आणि काकांच्या टोपाला लागलं. दुसरं चेंदलं. तिसऱ्याच्या वेळी नळी पायातून निसटली, तशी काकांचा हात आपोआप पुढे गेला. काकू ओरडल्या, "हात मांगं घ्या जी! दुसरा हात लागला का नासते." काकांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने पाठीमागे धरून ठेवला आणि तसेच उभे राहिले. नोकरीत ते बांधावर भर उन्हात तासन्‌तास उभे राहत, असं मी ऐकून होतो. त्या दिवशी पाठीमागे हात धरून उभं राहायला त्यांना त्याहून जास्त कष्ट पडले असावेत. चौथ्या भोकराची बी सरळ खाली गेली. काकूंनी ते फळ उचलून उजेडात धरलं आणि पोकळीतून आरपार पाहिलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी एकच गोष्ट केली. पायाखाली दाबून धरायची विळी असते तसा एक लाकडी पाट घेतला, त्याला भोक पाडलं, त्यात बांबूची नळी घट्ट बसवली आणि खाली टिनचा डबा ठेवला. पाटावर पाय ठेवला की नळी हलत नसे. त्याला त्यांनी क्रमांक दिला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हे यंत्र नव्हे. हे नुसतं सोपं आहे." त्या शब्दात थोडी नाराजी होती, ते मला मान्य करायला हवं.

मृगाच्या आधी देवरीची भाची आली. कोहमाऱ्याला मोटार बदलून, उन्हातान्हाची, बरण्या न्यायला पेंढा आणि गोणपाट बरोबर घेऊन आली. फळीवरच्या सहापैकी एक बरणी सरळ उभी होती आणि तिचं तोंड फडक्याने बांधलेलं होतं. त्या फडक्याची गाठसुद्धा काकूंनी एका हाताने आणि दातांनी मारली होती. एक पायली भोकरांना त्यांना चार दिवस लागले होते. भाचीने बरणीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि काय झालं ते ऐकून घेतलं. काकू म्हणाल्या, "आत्ता काई बोलू नको. डाव्या हाताचं हाय, टिकते का नासते मले का मालूम. पोळ्यापर्यंत थांब. बुरा आला तं साऱ्या बरण्या तुह्या."

तो पावसाळा काकांनी त्या बरणीच्या सहवासात काढला. तिला हात लावायची त्यांना मनाई होती, म्हणून ते लांबून वास घेत. सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा. झडीचे दिवस होते, भिंतींना ओल होती, माझ्या खोलीतल्या चपलांना बुरशी आली होती. माझ्या चपला काकांनी भिंगातून तपासल्या आणि विचारलं की ही बुरशी आपोआप आली की मी पाय नीट पुसत नाही. त्यांना कशाचं उत्तर हवं होतं ते मला कळत होतं. शेजारणींपैकी एकीने मध्येच येऊन सांगितलं की डाव्या हाताचं लोणचं तिच्या माहितीत कुठेच टिकलेलं नाही. काकांनी तिला विचारलं, "तुमच्या माहितीत कोणी घातलं होतं?" तिने जरा विचार केला. कोणीच नाही, असं ती म्हणाली. "मग ही माहिती नव्हे," काका म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी उघडली. भाची आली होती. काकांनी फडक्याच्या गाठीला हात लावला नाही. काकूंनी ती दातांनी सोडली. वर जवसाचं तेल बोटभर उभं होतं, स्वच्छ, आणि खाली भोकरं अख्खी होती. पांढरं काहीही नव्हतं. काकूंनी डाव्या हाताने पळी घातली आणि पहिलं भोकर भाचीच्या हातावर ठेवलं. भाचीने ते तोंडात टाकलं. तिने ते बराच वेळ चावलं, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

"मावशी, तेच हाय," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मीठ मात्र थोडं जास्ती."

काकूंनी स्वतः चाखून पाहिलं. "डाव्या हाताची चिमूट मोठी येते," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली कमी घालीन."

काकांनी एक भोकर मागून घेतलं, ते पोळीवर ठेवलं आणि अंगणात जाऊन खाल्लं. त्या दिवशी संध्याकाळी कामाच्या बाईने भाजीत मीठ कमी घातलं होतं, तर काकू तिला पाच मिनिटं बोलत होत्या. तो आवाज माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत होता. बाईही सुरात उत्तर देत होती. भाची परत गेली तेव्हा तिच्याबरोबर एकही बरणी गेली नाही. एका डब्यात लोणचं गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली झाली. काका मला गाडीत बसवून द्यायला स्टेशनावर आले होते. छोट्या लायनीची गाडी नेहमीसारखी उशिरा होती, आणि आम्ही बाकावर बसलो. घरी काकूंनी त्या दिवशी तिसरी बरणी भरायला घेतली होती, म्हणून त्या आल्या नव्हत्या. बोलायला फारसं काही नव्हतं, तेव्हा मी काकूंच्या उजव्या हाताबद्दल विचारलं.

"तसाच आहे," ते म्हणाले. "वैद्याकडे अजून नेतो, दर महिन्याला. आला तर चांगलंच आहे." मग टोप काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "पण आता घाई नाही."